पहिल्या पावसाला सगळं बी उगवत नाही

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही, त्यांनी हा गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा.)



आजच्या सभेपुढे एक ठराव आहे. प्रत्येक गटाने आपल्या रकमेतला काही भाग कर्जाऊ न देता राखीव ठेवायचा, आणि प्रत्येक ग्रामसंघाने पेरणीच्या बियाण्यातलं थोडं बी राखून ठेवायचं, असा तो ठराव आहे. यावर गावागावांत बरीच चर्चा झाली. काही जणी म्हणाल्या, "पैसा पडून ठेवायचा म्हणजे व्याज बुडवायचं." काही जणी म्हणाल्या, "बी घरात ठेवून काय करायचं, ते रानात पडायला पाहिजे." दोन्ही म्हणणी खरी आहेत. म्हणून मत द्यायच्या आधी मी तुम्हाला एका फुलाची माहिती सांगणार आहे. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता आमच्या गटाचे हिशेब बघते. त्यामुळे फूल आणि हिशेब दोन्ही या भाषणात येणार, ते सांभाळून घ्या.

हे फूल आपल्याकडचं नाही. अमेरिकेच्या पश्चिमेला कॅलिफोर्निया, नेवाडा, ॲरिझोना ही राज्यं आहेत आणि त्यांच्या खाली मेक्सिको देश. तिथे मोहावी आणि सोनोरा नावाची दोन मोठी वाळवंटं आहेत. या वाळवंटांत जमिनीला चिकटून वाढणारं एक छोटं पांढरं फूल येतं. तिकडचे लोक त्याला 'डेझर्टस्टार' म्हणतात, म्हणजे वाळवंटातला तारा. शास्त्रातलं नाव मोनॉप्टिलॉन बेलिऑइडिस. नाव विसरलात तरी चालेल, आपण त्याला ताराच म्हणू.

केवढं असतं हे झाड?

झाड म्हणायला जीभ वळत नाही इतकं लहान. उंची एक-दोन बोटं. बारीक, अरुंद पानं आणि अंगभर ताठ लव. मध्ये पिवळा गोंडा आणि भोवती पांढऱ्या पाकळ्या, कधी त्यांच्यावर गुलाबी छटा. पाऊस बरा झाला तर ते जमिनीवर ताटलीएवढं पसरतं आणि त्यावर फुलंच फुलं दिसतात. पाऊस कमी झाला तर सगळं झाड एका नाण्याएवढं राहतं आणि त्यावर एकच फूल येतं.  तेवढ्या एका फुलातूनही ते बी धरू शकतं.

अशा फुलांना तिकडे गमतीने 'पोटावरची फुलं' म्हणतात, कारण ती नीट बघायची तर माणसाला पोटावर झोपावं लागतं. आपल्याकडे साताऱ्याजवळ कासच्या पठारावर ज्या मैत्रिणी जाऊन आल्या असतील, त्यांना कळेल. तिथेही कितीतरी फुलं इतकी लहान असतात की वाकल्याशिवाय दिसत नाहीत.

हा तारा आपल्या ओळखीच्या घराण्यातला आहे. सूर्यफूल, करडई, झेंडू, शेवंती, कारळा ही सगळी त्याची भावकी. बांधावर उगवणारी एकदांडी, जिला आपण दगडी पालाही म्हणतो, तीही त्यातलीच. आणि गाजर गवत, ज्याने आपला जीव नकोसा केलाय, तेही त्याच घराण्यातलं. या घराण्याची खूण सोपी आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर पुष्कळ फुलांचा गट असतो. सूर्यफुलाची एकेक बी एकेका बारीक फुलातून तयार होते, आणि कडेची प्रत्येक पिवळी पाकळी म्हणजेही एक वेगळं फूल असतं. या घराण्यातले बरेच जण मुळात अमेरिकेतून आपल्याकडे आलेत. सूर्यफूल उत्तर अमेरिकेतलं, झेंडू मेक्सिकोकडचा, एकदांडी आणि गाजर गवतही त्याच बाजूचं. गाजर गवताची आपल्या देशात नोंद झाली ती १९५५ साली, पुण्यात.

जिथे पाऊसच येत नाही तिथे

आता हा तारा राहतो त्या जागेची कल्पना यावी म्हणून सांगते. मोहावी वाळवंटात डेथ व्हॅली नावाचा भाग आहे, म्हणजे मरणाची दरी. तिथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आहे. वर्षाचा पाऊस साधारण ५० ते ६० मिलिमीटर. आपण सोलापूर जिल्ह्याला दुष्काळी म्हणतो, तिथेही वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे आपल्या दुष्काळी भागाच्या साधारण एक दशांश. तोही दरवर्षी येईल याचा भरवसा नाही. काही वर्षं जवळजवळ कोरडी जातात.

या झाडाचं आयुष्य एका हंगामाचं. तिकडे हिवाळ्यात पाऊस येतो. त्यावर ते उगवतं, फेब्रुवारी ते मे या काळात फुलतं, बी टाकतं आणि उन्हाळ्यात मरून जातं. कंद नाही, खोल मूळ नाही, पाणी साठवायला जाड खोड नाही. त्याच्याकडे मागे राहतं ते फक्त मातीत पडलेलं बी. मग अशा ठिकाणी, जिथे दोन-दोन वर्षं पाऊस नसतो, तिथे हे झाड इतक्या काळापासून टिकलं कसं?

याचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांनी आयुष्यं घालवली. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट: कोणता पाऊस खरा, ते ओळखणं

फ्रिट्स वेंट नावाचे शास्त्रज्ञ होते. जन्म हॉलंडचा, काम कॅलिफोर्नियात. १९४० च्या दशकात त्यांनी वाळवंटातली माती आणली, तिच्यात असलेल्या रानफुलांच्या बियांसकट, आणि तिच्यावर वेगवेगळ्या रीतीने पाणी देऊन बघितलं. थोडंसं पाणी शिंपडलं, बिया उगवल्या नाहीत. भांड्याच्या खालून पाणी दिलं, माती ओली झाली, तरीही बऱ्याच बिया उगवल्या नाहीत. पण वरून सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच पावसाएवढं पाणी दिलं तेव्हा त्या उगवल्या.

असं का? तर अशा कित्येक बियांमध्ये उगवण अडवणारे पदार्थ असतात. वरून पुरेसं पाणी पडून ते धुऊन गेले की मगच बी उगवतं. थोडक्या सरीने ते धुतले जात नाहीत. म्हणजे बी एक प्रकारे पाऊस मोजतं. एवढा पाऊस झाला तरच पुढे फुलापर्यंत जायला ओल पुरेल, हे त्याच्या घडणीतच बसलेलं आहे. शिवाय गारवा आहे की उकाडा हेही बी बघतं. हिवाळ्यातल्या फुलांचं बी उन्हाळी पावसाने सहसा फसत नाही.

मैत्रिणींनो, आपल्याकडे जूनमध्ये काय होतं? पहिली चांगली सर पडली की शेजारच्या रानात तिफण दिसते, आणि आपल्या घरातही गडबड सुरू होते. मग पंधरा दिवस पाऊस दडी मारतो आणि कोवळं पीक माना टाकतं. दुबार पेरणी ज्या घरात होते तिथे काय काय विकावं लागतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. आपण ऐकतो, पण आपल्या गावात किती पडला हे मोजतो का? तालुक्याचा आकडा आपल्या रानाला लागू पडतोच असं नाही.

मोजणं अवघड नाही. सपाट बुडाचा, सरळ उभ्या कडांचा एक डबा घ्या. झाडाखाली किंवा वळचणीखाली नको, उघड्यावर ठेवा, कलंडणार नाही असा. रोज सकाळी एका ठरलेल्या वेळी आत मुलांची पट्टी उभी धरून पाणी किती चढलं ते बघा. एक सेंटीमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. प्रत्येक ग्रामसंघात एका ताईने हे काम घेतलं, तर "आमच्याकडे बराच पडला" या बोलण्याऐवजी आकडा हातात येईल. घरात पेरणीची तारीख ठरते तेव्हा बाईचं ऐकलं जावं असं वाटत असेल, तर हातात आकडा असलेला बरा.

दुसरी गोष्ट: सगळ्यांनी एकदम उगवायचं नाही

आता खरी गंमत पुढे आहे. समजा चांगला पाऊस झाला, एक इंचाहून जास्त. तरीही या वाळवंटी फुलांच्या सगळ्या बिया उगवत नाहीत. काही उगवतात, बाकीच्या मातीतच थांबतात. पाणी मिळालेलं असतं, तरी थांबतात.

ॲरिझोना राज्यात टूसॉन शहराला लागून टुमामॉक नावाची टेकडी आहे. तिथे १९०३ साली वाळवंटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा सुरू झाली. त्याच टेकडीवर लॅरी वेनेबल नावाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून वर्षानुवर्षं एक काम केलं. जमिनीचे छोटे तुकडे आखून घ्यायचे, दर पावसानंतर तिथे कोणतं रोप उगवलं, किती जगली, किती मेली, किती बी धरलं आणि मातीत न उगवलेलं बी किती उरलं, याची मोजदाद करायची. आपण गटाचं रजिस्टर ठेवतो तसंच हे फुलांचं रजिस्टर.

त्यातून जे दिसलं ते त्यांनी २००७ साली मांडलं. ज्या जातींचं उत्पन्न वर्षावर्षाला फार वरखाली होतं, त्या जातींच्या बियांतला कमी वाटा दरवर्षी उगवतो आणि जास्त वाटा मातीत थांबतो. ज्यांचं उत्पन्न त्या मानाने स्थिर असतं, त्यांच्या जास्त बिया उगवतात. म्हणजे जितकी अनिश्चितता जास्त, तितकी राखण जास्त. इस्रायलमधल्या डॅन कोहेन यांनी १९६६ सालीच गणिताने हे मांडलं होतं. टेकडीवरच्या मोजणीत तेच दिसलं.

दोन जावांचा हिशेब

हे गणित आपण आपल्या भाषेत करून बघू. दोन जावा आहेत, चुली वेगळ्या. दोघींकडे १६-१६ पायली बी आहे. खाण्यापिण्याचं बाजूला ठेवू. हिशेब सोपा जावा म्हणून असं धरू की चांगल्या वर्षी एका पायलीच्या पाच होतात आणि वाईट वर्षी पेरलेलं सगळं जातं.

थोरली जाऊ दरवर्षी सगळं बी पेरते. धाकटी अर्धं पेरते, अर्धं राखते.

पहिलं वर्ष चांगलं. थोरलीच्या १६ च्या ८० झाल्या. धाकटीने ८ पेरल्या, त्याच्या ४० झाल्या, राखलेल्या ८ धरून ४८. आता गाव काय म्हणेल? थोरली हुशार, धाकटी भित्री.

दुसरं वर्ष वाईट. थोरलीने ८० पेरल्या, सगळ्या गेल्या. हातात शून्य. धाकटीने २४ पेरल्या, त्या गेल्या. राखलेल्या २४ उरल्या.

तिसरं वर्ष चांगलं. थोरलीकडे पेरायलाच काही नाही. तिला बी उधार आणावं लागणार, नाहीतर रान पडीक. धाकटीने १२ पेरल्या, त्याच्या ६० झाल्या, राखलेल्या १२ धरून ७२.

हिशेब प्रामाणिकपणे करायचा तर दुसरी बाजूही सांगते. दोन चांगली वर्षं लागोपाठ आली असती तर थोरलीकडे ४०० पायली झाल्या असत्या आणि धाकटीकडे फक्त १४४. चांगल्या काळात राखणारी बाई मागेच पडते. राखण फुकट होत नाही. वाळवंटातही मातीत थांबलेल्या बियांपैकी काही मुंग्या नेतात, काही उंदरासारखे प्राणी आणि पाखरं खातात, काही कुजतात. तरीही ते झाड राखण सोडत नाही, कारण एका शून्याने आधीचे सगळे गुणाकार पुसले जातात. ऐंशी गुणिले शून्य शून्यच. आठ हजार गुणिले शून्यही शून्यच.

वर्षानुवर्षं थांबलेल्या या बियांमुळेच कधीतरी मोठा पाऊस झाला की डेथ व्हॅलीसारखी उजाड जागा फुलांनी भरून जाते. १९९८, २००५ आणि २०१६ साली तिथे असा मोठा बहर आला. लोक लांबून बघायला गेले. ती सगळी फुलं एका वर्षाची कमाई नव्हती, मागच्या कित्येक वर्षांची शिल्लक त्यात होती.

आपलं बी थांबायला विसरलंय

आता कुणी म्हणेल, बाई, ते रानफूल आहे. आमच्या सोयाबीनचं, हरभऱ्याचं बी थोडंच असं मातीत थांबतं? बरोबर आहे. आपल्या पिकांचं बी ओल लागली की एकदम उगवतं. ते तसं आपणच घडवलंय. हजारो वर्षं माणसाने पेरलं, जे बी लगेच आणि एकसारखं उगवलं त्याचंच पीक हाती आलं, त्याचंच बी पुन्हा पेरलं. थांबणारं बी मागे पडत गेलं. शेतीला ते सोयीचं झालं, पण त्याबरोबर बियांमधली सावधगिरीही गेली.

म्हणून ते काम आता माणसाला करावं लागतं. आपल्या आज्या, पणज्या ते करतच होत्या. कणगीत, मडक्यात, राखेत, कडुलिंबाच्या पाल्यात बी ठेवायचं आणि कितीही ओढ आली तरी बियाण्याचं दळायचं नाही, हा घरातला कायदा होता. तो कायदा बहुतेक घरांत बाईच्या हातात होता.

आज बी राखायचं तर काही गोष्टी लक्षात ठेवायच्या. संकरित बियाण्याचं उत्पादन पुन्हा बी म्हणून वापरायचं नाही, पुढच्या पिढीत ते सारखं येत नाही. सोयाबीनच्या सरळ वाणाचं, हरभऱ्याचं, मुगाचं, उडदाचं घरचं बी वापरता येतं. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. म्हणून मळणीयंत्राचा वेग कमी ठेवायचा, पोती आपटायची नाहीत, थप्पी उंच रचायची नाही, ओल लागू द्यायची नाही. सोयाबीनची उगवणशक्ती लवकर कमी होते. त्यामुळे राखीव साठा दरवर्षी बदलायचा. नवं बी आलं की जुनं विकून टाकायचं.

आणि पेरणीआधी उगवण तपासायचीच. एक गोणपाट ओलं करा. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, असे शंभर दाणे मांडा. वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा त्याहून जास्त असतील तर बी पेरायला चांगलं. थोडे कमी असतील तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा. फारच कमी असतील तर ते बी पेरू नका. बैठकीच्या दिवशी मांडलं तर पुढच्या आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोजता येतं.

एक सावधगिरीची गोष्टही सांगते. थांबण्याची ही कला गाजर गवतालाही येते. एक झाड हजारो बिया टाकतं, त्यातल्या कित्येक मातीत थांबून पुढच्या वर्षी वर येतात. म्हणून ते फुलावर येण्याआधीच, हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून उपटायचं. फूल आल्यावर उपटून बांधावर टाकलं तर पुढच्या वर्षाची पेरणी आपणच केली म्हणून समजा.

आता पैशांचं

आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख हिशेब आहेत. अंतर्गत कर्ज वाटलं पाहिजे, पैसा फिरला पाहिजे, हे आपण शिकलो आणि त्याने आपलं भलंही झालं. पण पेटीत काहीच न ठेवता सगळं वाटणं म्हणजे थोरल्या जावेची पेरणी. ज्या महिन्यात गारपीट होते, त्या महिन्यात एकीचा नाही, दहा जणींचा हप्ता थकतो, आणि नेमकं त्याच महिन्यात दहा जणींना पैसा लागतो. एरवी नीट चालणारा गट तेव्हाच अडतो. मग बाई दारावर येणाऱ्या कर्जवाल्याकडे किंवा सावकाराकडे जाते.

व्याज किती बुडेल ते बघू. बारा जणींचा गट, महिना दोनशे रुपये बचत. महिन्याला २,४०० रुपये, वर्षाला २८,८०० रुपये. त्याचा दहावा भाग २,८८० रुपये. गटाचं व्याज शेकडा दोन धरलं तर या रकमेवर महिन्याला ५७ रुपये ६० पैसे, वर्षाला साधारण ६९१ रुपये बुडाले. बारा जणींत वाटले तर एकीच्या वाट्याला वर्षाचे ५८ रुपये. आता सावकाराचा हिशेब. शेकडा पाचने दहा हजार काढले तर एका बाईला एका महिन्याचं व्याज ५०० रुपये. वर्षाचे ५८ आणि महिन्याचे ५००, यातलं महाग कोणतं ते तुम्हीच ठरवा.

हा पैसा पेटीत नाही ठेवायचा, बँकेत वेगळा ठेवायचा. कशासाठी काढायचा ते आधीच लिहून ठेवायचं: दवाखाना, मृत्यू, दुबार पेरणी, गारपीट, आग. लग्नाला नाही, मोबाईलला नाही. काढताना गटाची बैठक आणि ठराव पाहिजे, आणि काढलेली रक्कम परत भरायची मुदत त्याच ठरावात पाहिजे. नाहीतर राखीव म्हणून ठेवलेलं एका वर्षात संपेल आणि नाव तेवढं उरेल.

किती ठेवायचं? मला वाटतं सगळ्या गावांना एकच आकडा लावू नये. टुमामॉक टेकडीवरच्या फुलांनीही तो लावलेला नाही. ज्या गावाला कालवा आहे, दुधाचा धंदा आहे, त्यांनी दहावा भाग ठेवला तरी पुरेल. ज्या गावाचं सगळं पावसावर आहे, त्यांनी जास्त ठेवावं. आणि थोडा भाग प्रभागसंघाकडे एकत्र असावा, कारण गारा एका गावावर पडतात आणि शेजारचं गाव कोरडं राहतं. सगळ्यांवर एकदम संकट क्वचित येतं.

एक गोष्ट मात्र मी त्या फुलाकडून घेणार नाही. वाळवंटात हजार रोपं उगवून वाळली तरी त्या जातीचं बिघडत नाही, मातीत बी असतं. आपल्याकडे तसं म्हणता येत नाही. आपल्यातली एकही बाई, एकही घर "गेलं तर गेलं" असं नाही. झाड राखतं ते आपली जात टिकावी म्हणून. आपण राखायचं ते एकीवर वेळ आली तर तिला हात देता यावा म्हणून. ज्या मैत्रिणीचा नवरा नाही, जमीन अर्धा एकर आहे, तिने एकटीने किती राखायचं? तिच्याने होणार नाही. बारा जणींनी मिळून राखलं तर तिच्या वाट्यालाही राखण येते. गटाचा उपयोग हाच आहे.

म्हणून माझी विनंती आहे की ठरावावर हात वर करण्याआधी आपल्या गावाची मागची पाच वर्षं आठवा. किती चांगली गेली, किती वाईट गेली, आणि वाईट वर्षी पैसा कुठून आणला. मग जो आकडा योग्य वाटेल तो सांगा. ठराव नको असेल तर तसंही मोकळेपणाने सांगा, पण पुढच्या वाईट वर्षी पैसा कुठून आणायचा तेही त्याच वेळी सांगा.

 

गटाच्या पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. मागच्या पाच वर्षांत आपल्या गावात दुबार पेरणी किती वेळा झाली? तेव्हा बियाण्याचा पैसा कुठून आला?

२. आज आपल्या गटाकडे कर्जाऊ न दिलेली रक्कम किती आहे? दोन जणींना एकाच आठवड्यात दवाखान्यासाठी पैसे लागले तर पुरतील का?

३. पावसाचा डबा कोण ठेवणार आणि उगवणीची चाचणी कोणाच्या घरी मांडायची? दोघींची नावं ठराव पुस्तिकेत लिहा.